'इग्नमिनी' या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? 'शेम'पेक्षा तो वेगळा आहे का, आणि आला कुठून?

एका शब्दात सांगायचं तर नामुष्की. मी इंग्रजी बातम्यांचं मराठी करतो, तिथे बहुतेक वेळा हाच शब्द चपखल बसतो. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेड कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, ती इग्नमिनी. 'शेम' म्हणजे लाज, ती बंद खोलीत एकट्यालाही वाटते. इग्नमिनीला बघणारे चार लोक लागतात. कोडग्या माणसाला लाज वाटणार नाही, पण नामुष्की त्याचीही होते.

शब्द लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. 'इन्' म्हणजे नकार आणि 'नोमेन' म्हणजे नाव. थोडक्यात, नाव जाणं. मधला 'ग' मात्र उपरा. 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या लॅटिन क्रियापदात 'ग्न' होता (आपल्या 'ज्ञा'चाच नातेवाईक), त्याच्या प्रभावाने तो इथे शिरला असं मानतात.

रोममध्ये मात्र हा नुसता अलंकारिक शब्द नव्हता. साधारण दर पाच वर्षांनी दोन सेन्सॉर निवडले जात. नागरिकांची आणि सिनेटरांची यादी करणं हे त्यांचं काम. एखाद्याचं वागणं खटकलं आणि दोघांचं एकमत झालं, की यादीत त्याच्या नावापुढे खूण पडायची. ती इग्नोमिनिया. कारणं तरी कसली! दोनदा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च निवडून आलेला अधिकारी) झालेल्या रुफिनसला इ.स.पू. २७५ मध्ये सिनेटमधून काढलं, कारण घरात दहा रोमन पौंड चांदीची भांडी सापडली. मॅनिलियस नावाच्या सिनेटरने भरदिवसा मुलीदेखत बायकोचं चुंबन घेतलं म्हणून करड्या शिस्तीच्या केटो या सेन्सॉरने त्याला घालवलं, असं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो.

पण ही खूण कायमची नसे, पुढचे सेन्सॉर ती पुसू शकत. लिसिनियस गेटाला इ.स.पू. ११५ मध्ये सिनेटमधून काढलं होतं, तोच गृहस्थ १०८ मध्ये स्वतः सेन्सॉर झाला! सैनिकाचं तसं नव्हतं. इग्नोमिनियाचा शिक्का मारून सैन्यातून काढलेल्याला निवृत्तीचे लाभही मिळत नसत.

मला गंमत वाटते ती 'बदनाम' या शब्दाची. तो फारसीतून आपल्याकडे आला. फारसी 'नाम', संस्कृत 'नाम', लॅटिन 'नोमेन' आणि इंग्रजी 'नेम' ही एकाच कुळातली भावंडं. त्यामुळे 'घराण्याचं नाव घालवलंस' असं आजी नातवाला सुनावते, तेव्हा ती या लॅटिन शब्दाची फोडच करत असते.

उच्चार करताना जोर पहिल्या 'इग्'वर द्या. विशेषण 'इग्नमिनिअस', त्यात जोर सरकून 'मि'वर येतो. 'इग्नमिनिअस डिफीट' म्हणजे नामुष्कीचा पराभव. 'लाजिरवाणा पराभव'ही चालेल, वर्तमानपत्रात तेच जास्त छापतात.