‘उड्या मारणारी जनुकं’ नव्हे, जंगम घटक

नागपूरच्या एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेनं विचारलंय: ‘मोबाईल डीएनए एलिमेंट्स’ना, म्हणजे जीनोममध्ये (पेशीतल्या सगळ्या डीएनएमध्ये) नव्या जागी जाऊन बसणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांना, मुलांच्या टिपणांत ‘उड्या मारणारी जनुकं’ म्हणावं की ‘चल डीएनए’?

दोन्ही नको. ‘उड्या’ ऐकलं की माझं डोकं उठतं. उडी मारणारा जुनी जागा सोडतो. तसे घटक आहेत, पण माणसाच्या जीनोममध्ये त्यांचा वाटा जेमतेम ३ टक्के, तोही निकामी अवशेषांचा. बाकीचे जागा सोडतच नाहीत. ते स्वतःची आरएनए प्रत काढतात, तिच्यावरून परत डीएनए घडतो आणि तो दुसरीकडे घुसतो. मूळ तुकडा जिथल्या तिथे. ही कसली उडी? ‘जनुक’ही सरसकट चालत नाही. अलू हा सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा आपल्या जीनोममध्ये दहा लाखांहून जास्त ठिकाणी आहे, पण त्याच्यात एकाही प्रथिनाची कृती नाही. लाईन-१ नावाच्या घटकाची यंत्रणा वापरून त्याचं भागतं.

‘चल-अचल’ ही हिंदीची जोडी. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी जोडप्रदेशाची राजधानी होतं, म्हणूनच ती इथल्या तोंडी बसली असं माझं मत आहे. मराठी वाटणीपत्रात ‘स्थावर-जंगम’च येतं. तेव्हा ‘जंगम घटक’ म्हणा.

आता खरी गंमत. ‘गम्’ म्हणजे जाणं. त्याचं द्विरुक्त रूप ‘जंगम्यते’, त्यावरून ‘जंगम’. ‘पुन्हा पुन्हा जातो तो जंगम’ असं भलेभले सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. द्विरुक्तीनं इतर धातूंना तो अर्थ येतो, पण जाण्या-चालण्याच्या धातूंसाठी पाणिनीनं वेगळं सूत्र दिलंय: ‘नित्यं कौटिल्ये गतौ’. म्हणजे इथे अर्थ वाकडं जाण्याचाच. ‘नित्यं’ (नेहमीच) हा शब्द तिथे पळवाट बंद करायला आहे, तोच वगळून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी सूत्र पुन्हा वाचावं. ‘क्रम्’पासूनचं ‘चंक्रमण’, म्हणजे बौद्धांचं चालत करायचं ध्यान, घ्या. दीक्षाभूमीच्या या शहरात तो शब्द समजावून सांगायला नको. साधक ठरावीक अंतर चालतो, वळतो, परत येतो. वळण शब्दाच्या पोटातच आहे.

आणि हे घटक तरी काय करतात? डीएनएवरून आरएनए ही सरळ वाट, आरएनएवरून पुन्हा डीएनए ही वळून मागे येणारी. अशा घटकांचं इंग्रजी नाव ‘रेट्रोट्रान्सपोझॉन’, त्यातलं ‘रेट्रो’ म्हणजे मागेच. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणातला शब्द इतका चपखल बसतो, हे पाहून मी अक्षरशः हरखून गेलो.

उडीवाले मक्याचा दाखला देतील. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात ठिपकेदार दाण्यांवरून हे घटक ओळखले. नोबेल मिळालं १९८३ साली. ‘डीएस’ हा घटक रंगाच्या जनुकात बसला की दाणा फिका. दाणा वाढत असताना तो निघून गेला की त्या पेशीच्या वंशात रंग परततो. लवकर गेला तर ठिपका मोठा, उशिरा गेला तर बारीक. इथे उडी आहे, कबूल. पण तीसुद्धा ‘एसी’ नावाच्या दुसऱ्या घटकानं विकर (एन्झाइम) पुरवलं तरच. मक्याच्या जीनोमचा सुमारे ८५ टक्के भाग जंगम घटकांचा आहे, त्यातही बहुतेक प्रती काढणारेच. यीस्ट, माशी, भात, माणूस, कुठेही पाहा, जंगम घटक आहेतच, त्यांची कुळं आणि प्रमाण मात्र निराळं.

मुलांना उदाहरण हवंच असेल तर लाल गराच्या संत्र्याचं द्या. ते आपल्या नागपुरी संत्र्याच्या नव्हे, मोसंबीच्या कुळातलं. तिथे एक जंगम घटक रंगाच्या जनुकाशेजारी येऊन बसलाय, आणि थंडी पडली की त्याच्यामुळे ते जनुक जागं होतं. गर लाल होतो तो त्यामुळे.