ऑटिस्टिक मुलीची दाढ किडली आहे आणि ती डॉक्टरांना तोंडच उघडू देत नाही. पूर्ण भूल द्यावीच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी ६ वर्षांची आहे, खालची दाढ किडलीय, डॉक्टरांनी आरसा तोंडाजवळ नेला की ती किंचाळते, आणि दोन ठिकाणी "भूल देऊनच करू" असं सांगितलंय. आजी म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडतील.

मी डॉक्टर नाही. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, बोलतो मोजकंच. त्याच्या चार दाढांचं काम झालंय, दोन खुर्चीत आणि दोन भूल देऊन. म्हणजे दोन्ही रस्ते पायाखालचे आहेत.

आजींचं म्हणणं आधी निकालात काढते. दुधाचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा १० ते १२ व्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. एवढी वर्षं कीड गप्प बसत नाही. ती दातातल्या नसेपर्यंत पोचली की गळू होतं, आणि खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही त्याचा त्रास होऊ शकतो. त्यात आपली मुलं "दुखतंय" असं सांगतीलच असं नाही. माझा मुलगा स्वतःच्या गालावर मुठीने मारायचा. आम्ही ते वागण्यातलं समजून तीन आठवडे चांगल्या वागण्याला स्टिकर देण्याचा तक्ता चालवला. दाढ होती ती. एकाच बाजूने चावणं, सारखी बोटं तोंडात, रात्री उठून रडणं, गार पाणी एकदम नको होणं, यातलं काही अचानक सुरू झालं तर पहिला संशय दातांवर घ्या. आणि गालाला सूज किंवा ताप असेल तर खालचं सगळं बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा. सराव करत बसायची ती वेळ नव्हे.

आता आमची चूक. पहिल्यांदा गेलो तिथे चौघांनी धरून दहा मिनिटांत सिमेंट भरलं. पाय मी धरले होते. "एकदाच रडेल, मग सवय होईल," असं सगळेच म्हणाले, मलाही पटलं. त्यानंतर आठ महिने त्याने ब्रश तोंडात घेऊ दिला नाही. न्हाव्याकडे मानेभोवती टॉवेल टाकला तरी पळायचा. भरलेलं सिमेंटही पडलं, ते वेगळंच.

पुढे आमच्या ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडमनी विचारलं, "त्याला नक्की काय नकोय?" मी म्हटलं, डेंटिस्ट. त्या म्हणाल्या, डेंटिस्ट म्हणजे माणूस झाला. त्याच्या अंगाला काय नकोय ते शोधा. मग आम्ही एकेक गोष्ट सुटी केली. तोंडावर उजेड, मशीनचा किणकिणाट, थुंकी ओढणारी नळी, ग्लोव्हजचा वास, लवंगाच्या तेलाचा वास, गळ्यातल्या नॅपकिनची साखळी, खुर्ची मागे जाणं. घरी रोज एकच तपासायची. टॉर्च चालली. मशीनचा आवाज मोबाइलवर हळू लावला, तर तो कान देऊन ऐकत बसला. इतके दिवस मी आवाजालाच दोष देत होते! पण न्हाणीघरात डोकं मागे करून केस धुवायला घेतले आणि तीच किंकाळी. तेव्हा आठवलं, झोका मागे गेला की तो लहानपणापासून असाच ओरडतो. पाठीमागे कलणं त्याला पडण्यासारखं वाटतं. त्याच्यासाठी सगळी भीती त्या खुर्चीच्या बटणात होती.

उपाय फुकटचा निघाला. तो आत यायच्या आधीच डॉक्टर खुर्ची पूर्ण आडवी करून ठेवतात. तो बाजूने चढतो, आधी पोटावर झोपतो, मग स्वतःच वळतो. खुर्ची हलत नाही. दुसरी गोष्ट रबरी ग्लोव्हजचा वास. डॉक्टरांनी नायट्राइलचे घातले, विषय संपला. तुमच्या मुलीचं कारण वेगळं असेल, अगदी आरशाचा गार धातूही असू शकतो. आरसा कोमट पाण्यात बुडवून घ्या म्हणावं. पण कारण शोधल्याशिवाय पुढची अपॉइंटमेंट घेऊ नका.

एक्स-रे काढताना अंगावर घालतात तो शिशाचा जड एप्रन मागून घ्या. छाती-पोटावरच्या वजनाने बरीच मुलं शांत होतात. हे आमचं खूळ नाही. लॉस एंजेलिसच्या मुलांच्या रुग्णालयात ६ ते १२ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांवर केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवे मंद ठेवले, छतावर सावकाश हलणारी चित्रं दाखवली, शांत संगीत लावलं आणि मुलांना अंगाभोवती घट्ट गुंडाळलं. दात साफ करताना मुलांचा ताण नेहमीच्या खोलीपेक्षा कमी दिसला. आपल्याकडे छतावर चित्रं कोण लावणार, पण वरचा मोठा दिवा बंद करून डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा वापरणं कुठल्याही दवाखान्यात जमतं. सकाळची पहिली वेळ घ्या. बाहेर दुसरं कुणी रडत नसतं.

आम्ही डोंबिवलीचे, आणि चिरंजिवांना लोकलचं वेड. म्हणून दवाखान्याचा तक्ता मी स्लो लोकलसारखा काढला. डोंबिवली म्हणजे चप्पल काढणं, कोपर म्हणजे खुर्चीवर झोपणं, दिवा म्हणजे (हो, मुद्दामच) दिवा लागणं, मुंब्र्याला आरसा, कळव्याला दात मोजणं, ठाण्याला उतरायचं. डॉक्टर स्वतः "पुढील स्टेशन मुंब्रा" म्हणतात आणि मगच आरसा पुढे करतात. पहिल्या खेपेला आम्ही कोपरवरूनच परत आलो, दुसऱ्या खेपेला दिव्यावरून. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी घाईत दिवा गाळून थेट आरसा काढला. पोरगं उठून बसलं, "दिवा, दिवा" करत. पुन्हा डोंबिवलीपासून सुरू करावं लागलं. पाचव्या खेपेला ठाणं आलं. तुमच्या मुलीला जे आवडतं त्याचा तक्ता करा, पण पायरी गाळायची नाही आणि आयत्या वेळी घुसडायचीही नाही. काम चालू असताना डॉक्टरांनी मोठ्याने दहापर्यंत मोजायचं आणि दहाला हात तोंडाबाहेर काढायचाच, काम अर्धवट राहिलं तरी. "झालंच, झालंच" म्हणत पुढे चालू ठेवलं की विश्वास गेला.

यासाठी डॉक्टर तसे हवेत, हे उघड आहे. बीडीएसनंतर तीन वर्षं लहान मुलांच्या दातांचंच एमडीएस केलेले, पेडोडॉन्टिस्ट म्हणतात ते बघा. आधी तुम्ही एकट्या जाऊन बोला. "नुसतं खुर्चीवर बसवून परत नेलं तर चालेल का?" हा प्रश्न विचारा. चेहऱ्यावरच उत्तर कळतं. मुलीला फिटची औषधं चालू असतील तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. काहींमुळे हिरड्या वाढतात, काहींमुळे रक्तस्राव जास्त होऊ शकतो.

आणि हेही विचारा की मशीन न लावता काही करता येईल का. एसडीएफ नावाचं चांदीचं औषध असतं. किडीवर थेंबभर लावलं की ती बऱ्याचदा पुढे सरकायची थांबते. सुई नाही, आवाज नाही. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो आणि चव धातूसारखी लागते. आमच्या सासूबाईंना तो काळा डाग अजून खुपतो. दाढेवर कोण बघतंय? दुसरं म्हणजे हॉल पद्धतीची स्टीलची कॅप. कीड न कोरता, इंजेक्शन न देता दाढेवर दाबून बसवतात. फक्त दाबाची जाणीव होते, आणि दाब आवडणाऱ्या मुलांना ती चालूनही जाते. कीड दातातल्या नसेपर्यंत पोचली असेल, दाढ ठणकत असेल तर मात्र यातलं काही उपयोगाचं नाही.

तेव्हा भूल. ती वाईट गोष्ट नाही. तीन-चार दाढा बिघडल्या असतील, दुखत असेल, तर सहा महिने सराव करण्यापेक्षा एका सकाळी सगळं उरकणं मुलाच्या हिताचं असतं. भूलतज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलमध्येच करा. त्याच भुलेत एक्स-रे, सफाई, फ्लोराइड, उरलेल्या दाढांच्या खाचा भरणं, शिवाय एखादी रक्ततपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या. आम्ही तर नखंही कापली. घन पदार्थ आणि दूध सहसा सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरं. म्हणून नंबर पहिला मागा. उपाशी आणि वर वाट पाहायची, हे आपल्या मुलांना दुहेरी पडतं. नाकावरच्या मास्कचा सराव आम्ही घरच्या नेब्युलायझरच्या मास्कने केला. हातातली सुई झोप लागल्यावर लावा, असं सांगता येतं. उठताना मूल गोंधळून अर्धा तास रडू शकतं. तेव्हा आई किंवा बाबा शेजारी हवेत, हे आदल्या दिवशीच ठरवून घ्या.

खर्च खासगीत बराच होतो. सरकारी आणि पालिकेच्या डेंटल कॉलेजांत, उदाहरणार्थ मुंबईत नायर किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी कॉलेज, मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. डिसॅबिलिटी सर्टिफिकेट असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचं विमाछत्र मिळतं, त्याची माहिती घेऊन ठेवा.

घरचं ब्रशिंग: पुदिन्याची चव आणि फेस हेच बऱ्याचदा भांडणाचं मूळ असतं. फेस न येणारी, बिनचवीची, पण फ्लोराइडची पेस्ट शोधा, वाटाण्याएवढी घ्या. आणि थेरपीत बक्षीस म्हणून गोळ्या-चॉकलेट देत असाल तर ते आजच बदला. आमच्या चार दाढांपैकी दोन तरी त्याच्याच आहेत.

खुर्चीत इंजेक्शन देऊन काम झालं तर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. ही जाणीव विचित्र वाटते म्हणून मुलं ओठ चावत बसतात. आमच्याकडे पहिल्या वेळी रक्त निघालं आणि आठवडाभर फोड होता. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका, आणि हात-डोळे कशात तरी गुंतवा. आम्ही दुपारची रिकामी स्लो लोकल पकडून सीएसएमटीपर्यंत जातो आणि तीच परत घेतो. तो प्रत्येक स्टेशनचं नाव अनाउन्समेंटच्या आधी म्हणतो, बधिर ओठांमुळे थोडं बोबडं, आणि ओठ चावायचं विसरून जातो.