जहाजाच्या वहीतलं गाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. मॉरिशसच्या मराठी माणसांनी इतक्या पिढ्या भाषा, गणपती आणि झाकरी कशी जपली, हा विषय चांगला आहे. आपल्या कोकणातली जाखडी तिकडे झाकरी होऊन नाचते, याचं मलाही अप्रूप आहे. पण तुझ्या वीस पानांत क्रिओल माणूस, म्हणजे तिथे आणलेल्या आफ्रिकी गुलामांचा वंशज, फक्त एकदा येतो, आणि तोही ‘इतर समाज’ म्हणून. तू निघण्याआधी त्याबद्दल बोलायला हवं.

मी मॉरिशसमधल्या मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत बसून जहाजांच्या वह्या वाचत होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. भारतातून आलेल्या लाखो मजुरांच्या नोंदी तिथे आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण. 1860 नंतरच्या काही नोंदींबरोबर फोटोही आहेत. एक म्हातारे गृहस्थ पणजोबांच्या गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून आले होते. कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं, त्यामुळे डोळ्यांनी काही कळेना. मी ते मोठ्याने वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ध्यानात आलं, हे तर माझ्याच तालुक्यातलं गाव. मग त्यांना नदी कुठे, देऊळ कुठे, ते सांगितलं. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी मला मुक्कामी सोडणाऱ्या क्रिओल ड्रायव्हरला मी हे आनंदाने सांगितलं. तो म्हणाला, “माझ्या पणज्याचं गाव कुठल्या वहीत आहे?” मला उत्तर देता आलं नाही. वही त्यांचीही आहे, इंग्रजांनी केलेली गुलामांची नोंद. पण तिथे नाव मालकाने ठेवलेलं, आणि गावाच्या जागी ‘मोझांबिक’ किंवा ‘मालागासी’, म्हणजे मादागास्करचा. अख्खा किनारा, अख्खं बेट! कुठल्या नदीकाठचा, कुणाचा कोण, काही नाही. तुझा अभ्यास या दोन वह्यांच्या मधून सुरू व्हावा असं मला वाटतं.

त्या बेटावर मूळचं कुणीच नव्हतं, हे कायम लक्षात ठेव. 1638 मध्ये डचांनी वस्ती केली, 1710 ला ते उठून गेले. 1715 पासून फ्रेंच आले आणि 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. जमिनी मात्र फ्रेंच मळेवाल्यांकडेच ठेवल्या. म्हणजे तिथला प्रत्येक समाज कुणीतरी, कशासाठीतरी आणलेला आहे. फ्रेंचांच्या काळात भारतातूनही गुलाम नेले होते, तेव्हा ‘भारतीय म्हणजे करारबद्ध मजूर’ हे समीकरणही पुरतं खरं नाही.

आता तारखा शेजारी मांडून बघ. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी कायद्याने संपली. कलकत्त्याहून पहिले 36 मजूर घेऊन ‘अ‍ॅटलास’ जहाज पोर्ट लुईला लागलं 2 नोव्हेंबर 1834 ला, तीनच महिने आधी. सुमारे 66 हजार माणसं मोकळी झाली, तीही 1839 पर्यंत त्याच मालकांकडे शिकाऊ कामगार म्हणून राबल्यावर. मालकांना वीस लाख पौंडांच्या वर भरपाई मिळाली. राबलेल्यांना छदामही नाही. ज्या क्षणी मोकळ्या झालेल्या माणसाला आपल्या मजुरीचा भाव ठरवता आला असता, त्याच वेळी महिना पाच रुपयांवर काम करणारी माणसं बंदरात उतरवली गेली. पुढे साडेचार लाखांच्या घरात आली. आपली माणसं त्यात मुंबई बंदरातून गेली. रत्नागिरीची, सावंतवाडीची, साताऱ्याची. कुणाच्या तरी पोटावर पाय द्यायला म्हणून ती गेली नव्हती. त्यांना हे ठाऊकही नव्हतं. पण त्यांना आणलं होतं ते याचसाठी.

त्यांचेही हाल कमी नव्हते. एक खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे. करार संपलेल्या माणसालाही 1867 च्या कायद्याने फोटो लावलेला पास खिशात घेऊन फिरावं लागे, नसला तर तुरुंग. 1871 मध्ये याविरुद्ध 9,401 जणांनी अर्ज केला. तो लिहून देणाऱ्या अडॉल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या गृहस्थाला भर रस्त्यात मारहाण झाली, पण दुसऱ्या वर्षी चौकशी आयोग आला. हा अर्ज नक्की वाच.

मग दोन दुःखितांच्या वाटा फुटल्या कुठे? माझं मत असं की जमिनीपाशी. साखरेचा भाव पडला तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. पै पै साठवलेल्या भारतीय कुटुंबांनी त्या घेतल्या, ऊस लावला, पोरं शाळेत घातली. त्याआधी मोकळ्या झालेल्या गुलामांतल्याही काहींनी लहान तुकडे घेतले होते. पण कागद नाहीत, मोजणी नाही, पाठीशी कुणी नाही, म्हणून कित्येकांचे हातचे गेले. गुलामगिरी आणि करारमजुरीचे परिणाम तपासायला तिथे 2009 ला नेमलेल्या सत्य व न्याय आयोगापुढे या जमिनींच्या तक्रारींचा ढीग आला. पुढे लोक म्हणू लागले, ‘भारतीय कष्टाळू, क्रिओल उधळे.’ हे वाक्य तुला तिथे आपल्याच प्रेमळ माणसांच्या घरी, जेवता जेवता ऐकू येईल. तेव्हा वाद घालू नकोस, पण वहीत तारीख घालून लिहून ठेव.

बायकांचंही तसंच. सुरुवातीच्या जहाजांत बायका फार थोड्या होत्या. त्यातून घरात जी मारहाण झाली, त्याचं खापर वसाहतीतले अधिकारी ‘भारतीय स्वभावा’वर फोडत. जहाजात कुणाला चढवायचं हे ठरवणारा हात मात्र त्यांचाच होता.

आणि आजचं बघ. तिथल्या राज्यघटनेत माणसांचे चार खाने आहेत. हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि चौथा ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. राहणीमानावरून जो पहिल्या तिन्हीत बसत नाही तो चौथ्यात. म्हणजे गुलामांचे वंशज आणि त्यांच्या मालकांचे वंशज एकाच खान्यात! संसदेच्या 62 जागा मतांनी भरतात, आणि समाजांचा तोल राखायला आठपर्यंत जागा वेगळ्या दिल्या जातात. त्यांचा हिशेब 1972 च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर हा प्रश्न जनगणनेत विचारलाच गेला नाही. 1999 मध्ये काया हा क्रिओल गायक पोलिस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं, तेव्हा ‘अचानक’ म्हणणारे पुष्कळ होते. या चार खान्यांवर तुझ्या आराखड्यात एक ओळ नाही. एक प्रकरण हवं.

जाण्याआधी क्रिओल भाषा शीक. तिथल्या मराठी घरांतही रोजचं बोलणं तेच आहे, आपण ते लपवून लिहितो. शाळेत मराठी ऐच्छिक विषय झाली त्याच्या कितीतरी नंतर, 2012 मध्ये, क्रिओलला प्राथमिक शाळेत जागा मिळाली. ज्या भाषेत सगळं बेट हसतं-भांडतं, ती वर्गात इतक्या उशिरा का आली, हे एखाद्या मराठी शिक्षिकेलाच विचार. आडनावंही नीट बघ. बंदरावर पणजोबाने सांगितलेलं स्वतःचं नाव पुढे घराण्याचं आडनाव झालं, म्हणून तिथे आडनाव सखाराम असतं, बापू असतं.

पोर्ट लुईत आप्रवासी घाट आहे, भारतातले मजूर जिथे उतरले ती जागा. समुद्रातून वर येणाऱ्या सोळा काळ्या पायऱ्या. तू तिथे रडशील, मीही रडलो होतो. पण त्याच आठवड्यात बस करून नैऋत्येला ल मोर्नला जा. त्या डोंगराच्या कपारींत पळून आलेले गुलाम लपून राहत. घाट 2006 मध्ये जागतिक वारसा यादीत आला, डोंगर 2008 मध्ये. घाटावर उतरलेल्यांची नावं वह्यांत आहेत, तिकडे नुसता कातळ आणि वारा. तिथे बसून आराखड्याचं पहिलं पान परत लिही आणि मला पाठव. टाईप करत बसू नकोस, हाताने लिहिलेल्याचा फोटो चालेल.

मुंबईहून सुटलेल्या जहाजाची एखादी पानभर नोंद सापडली तर गावांची नावं तशीच उतरवून पाठव. मी इथे मोठ्याने वाचून बघतो.

तुझे,
सर