तोफखान्याचा कॅप्टन शिखरावर काय करत होता?

प्रश्न: कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमात कॅप्टन आर. जेरी प्रेमराज यांचं नाव ऐकलं, मरणोत्तर वीरचक्र मिळालंय त्यांना. पण ते तोफखान्यातले होते म्हणे. तोफा तर खाली रस्त्याकडेला होत्या, टीव्हीवर बघितलंय आम्ही, मग ते वर शिखराच्या लढाईत कसे? आणि परमवीर नाही, वीरचक्र, म्हणजे शौर्य थोडं कमी असं धरायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: टीव्हीवर पाहिलंत ते बरोबरच आहे, बोफोर्स तोफा हायवेच्या आजूबाजूला लावलेल्या होत्या. काही कड्यांवर त्यांनी थेट नेम धरूनही मारा केला, पण बहुतेक वेळा तोफेवरच्या जवानांना शत्रूचा बंकर दिसतच नाही, मध्ये अख्खा डोंगर असतो. मग गोळा कुठे पडला हे सांगणार कोण? तर त्यासाठी तोफखान्याचा एक तरुण ऑफिसर वायरलेस घेऊन इन्फंट्रीच्या, म्हणजे पायदळाच्या, बरोबर चढतो, त्याला फॉरवर्ड ऑब्झर्वेशन ऑफिसर म्हणतात. जेरी प्रेमराज हेच काम करत होते.

आणि हे काम म्हणजे नुसतं 'फायर' म्हणणं नव्हे हो. पहिला गोळा पडला की तो बघायचा, मग डावीकडे शंभर मीटर, पुढे पन्नास, असं वायरलेसवर सांगत गोळे बंकरवर आणायचे आणि मग सगळ्या तोफांचा एकदम मारा मागवायचा. डोंगराच्या धारेवरचं लक्ष्य असलं की थोडा जरी लांब गेला तर गोळा पलीकडच्या दरीत जातो, थोडा जवळ पडला तर आपलीच चढणारी पोरं खाली असतात. आपली माणसं बंकरच्या अगदी जवळ पोचली की नेमक्या वेळी मारा पुढे सरकवायचा, लवकर थांबवला तर शत्रू डोकं वर काढून मशीनगन चालवतो आणि उशीर केला तर काय होईल ते सांगायला नको. हे सगळं रात्री, विरळ हवेत, वरून गोळ्या येत असताना करायचं. म्हणून त्याला पुढेच राहावं लागतं, आणि जो वायरलेसवर बोलतोय त्याला आधी टिपायचं हे शत्रूलाही कळतं.

जेरी मूळचे केरळचे, तिरुवनंतपुरमजवळच्या वेंगानूरचे. आधी हवाई दलात एअरमन होते, तिथून मेहनतीने ऑफिसर झाले आणि तोफखान्याच्या १५८ मीडियम रेजिमेंटमध्ये आले. १९९९ मध्ये नुकतंच लग्न झालेलं, आणि लढाई सुरू झाली तसे थेट आघाडीवर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात द्रास भागात शत्रूच्या ताब्यातल्या ट्विन बंप्स नावाच्या जागेवर आपल्या सैन्याने हल्ला केला, त्यात त्यांना गोळी लागली, तरी ते मागे जायला तयार झाले नाहीत, जखमी अवस्थेत मारा दुरुस्त करत राहिले, परत गोळ्या लागल्या तरी तेच. ७ जुलैला ते गेले. मला विचाराल तर त्यांचं शौर्य नेमकं इथेच आहे, कारण रक्त जात असताना आकडे चुकू न देणं फार अवघड, आणि एक आकडा चुकला असता तर आपलेच जवान गेले असते.

कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट्स डागले. २०२२ मध्ये द्रासमधल्या पॉइंट ५१४० या शिखराला 'गन हिल' नाव दिलं ते याच कामगिरीसाठी. तरी बातम्यांत तोफाच जास्त दिसल्या, वर चढलेले हे ऑफिसर फार कमी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात: परमवीर, महावीर, वीर असा क्रम आहे, पण परीक्षेतल्या मार्कांसारखं त्याकडे बघू नका. वीरचक्रही शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठीच देतात. जेरींना ते कशासाठी मिळालं हे वाचायचं असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या गॅलंट्री अवॉर्ड्सच्या, म्हणजे शौर्य पुरस्कारांच्या, वेबसाइटवर त्यांचं नाव टाकून शोधा. आणि तुम्ही नाशिकचे आहात म्हणून सांगतो, तोफखान्याच्या ऑफिसरांना हे काम शिकवणारं स्कूल ऑफ आर्टिलरी तुमच्या देवळालीतच आहे. तुमच्या पुढच्या कार्यक्रमाला तिथल्या एखाद्या निवृत्त गनर ऑफिसरला जरूर बोलवा, मुलांना नकाशा आणि वायरलेस समोर ठेवून समजावतील.