उतारावरच्या मातीच्या ओलीवरून उथळ भूजलाची खोली मॉडेल करायची आहे. रँडम फॉरेस्ट हे मशीन लर्निंगचं मॉडेल वापरू की दुसरं काही?

अल्गोरिदमचं नंतर बघू. उतारावर खड्डे खणलेत का?

प्रबंधाच्या वेळी माझं मार्गदर्शकांशी यावरूनच वाजलं होतं. डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून) टोपोग्राफिक वेटनेस इंडेक्स, म्हणजे कुठे पाणी साचेल याचा चढउतारावरून काढलेला निर्देशांक, काढा, मॉडेलला द्या, झालं काम, असं त्यांचं म्हणणं. बेव्हन आणि कर्कबी यांच्या १९७९ च्या मांडणीतला हा निर्देशांक भूजलाचा उतार जमिनीच्या उताराइतकाच धरतो. आमच्या उताराच्या मध्यावर चिकणमातीचा थर होता आणि पाणी त्याच्यावरच अडून राहायचं. निर्देशांकाच्या हिशेबी ती जागा कोरडी. खड्ड्यात मात्र गुडघाभर खोलीवरच करडी माती आणि तांबूस ठिपके. पाणी फार दिवस साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोह विरघळतं आणि माती करडी पडते. पाणी उतरून हवा शिरली की तेच लोह ठिपक्यांत गोठतं. पाणी कुठवर चढतं याची नोंद माती स्वतःच ठेवते!

ठिपक्यांची खोली मी मॉडेलमध्ये फीचर (अंदाजासाठी दिलेली माहिती) म्हणून घातली. ‘हे नजरेवर अवलंबून आहे’ म्हणत त्यांनी ती काढायला लावली. त्यांचा आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो याचं माप) देखणा आला, कारण नोंदी सरमिसळ वाटल्या होत्या: एकाच पिझोमीटरची (भूजल पातळी मोजायच्या नळीची) कालची नोंद ट्रेनिंगमध्ये, आजची टेस्टमध्ये. मी एक अख्खा उतार बाजूला ठेवून तपासलं, तर ते मॉडेल नुसत्या सरासरीपेक्षाही वाईट निघालं. ठिपकेवालं टिकलं. पण या तुलनेचा तक्ता त्यांनी प्रबंधात येऊ दिला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा व्हॅलिडेशन (मॉडेलची पडताळणी) उतारनिहायच करा, मार्गदर्शक काहीही म्हणोत. उपग्रहाच्या ओलाव्यावर विसंबू नका. नासाच्या स्मॅप उपग्रहाला वरची जेमतेम ५ सेंटीमीटर माती दिसते. चिकणमातीत केशाकर्षणाने ओल भूजल पातळीच्या बरीच वर चढते, वाळूत फारशी नाही, म्हणून मातीचा पोतही फीचरमध्ये हवा.

हो, चर काढून निचरा केलेल्या जमिनीत जुने ठिपके तसेच राहतात आणि फसवतात. लोह कमी असलेल्या वाळूत ते उमटतच नाहीत. अभेद्य कातळावर पातळ माती आणि भरपूर पाऊस असेल, तर तो निर्देशांक चांगला चालतो, हेही खरं.

पिझोमीटर मोजकेच असतील तर साधं रेषीय मॉडेल पुरे.