खुणेखालची ओळ

सप्रेम आशीर्वाद.

तुझी साइट पाहिली. 'वाचलेलं' या पानावर हायलाइट, म्हणजे वाचताना खूण केलेल्या ओळी, उतरवायला घेतलेस, हे फार चांगलं केलंस. लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारं ॲप पॉकेट बंद झालं तेव्हा तुझा वैतागून फोन आला होता, त्यातून काहीतरी उभं राहिलं याचा मला मनापासून आनंद आहे. पॉकेट 2007 मध्ये 'रीड इट लेटर' या नावानं सुरू झालं, 2017 मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलानं ते घेतलं आणि 8 जुलै 2025 ला ते थांबलं. त्याच्या आदल्याच वर्षी तसंच काम करणारं ऑम्निव्होर गेलं. त्याच्या कितीतरी आधी, 1 जुलै 2013 ला, वेगवेगळ्या साइट्सवरचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर गेलं होतं. भाड्याच्या खोलीत पुस्तकं मांडली की घरमालकाची नोटीस कधीही येऊ शकते. म्हणून आपल्या नावाचं डोमेन, आपल्या हातातल्या फाइली, हा तुझा निर्णय पक्का ठेव.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणासाठी. तुझ्या पानावर वरपासून खालपर्यंत अवतरणंच अवतरणं आहेत. निवड छान आहे, वाचन चौफेर आहे, पण एकाही अवतरणाखाली तुझा एक शब्द नाही. ते वाक्य तुला का थांबवून गेलं, हे मला कळत नाही, आणि वर्षभरानं तुलाही कळणार नाही.

मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं होतं. त्यात हायलाइट करणं आणि अधोरेखन ही कमी उपयोगाची पद्धत ठरली. वाचलेलं न बघता आठवून पाहणं आणि काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा त्याकडे वळणं, या दोन पद्धती वरच्या ठरल्या. ते संशोधन विद्यार्थ्यांच्या अभ्यासाबद्दलचं आहे, तरी आपल्यालाही ते लागू पडतं असं मला वाटतं. बोट स्क्रीनवरून फिरतं, ओळ पिवळी होते आणि मनाची समजूत होते की हे आता आपलं झालं. ते झालेलं नसतं. खाली स्वतःचं वाक्य लिहायला बसलं की आपल्याला ते कितपत समजलंय हे लगेच उघडं पडतं.

तुझ्याच पानावरचं उदाहरण घेते. प्यू रिसर्च सेंटरच्या 2024 च्या अहवालातलं वाक्य तू उतरवलं आहेस: 2013 मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं ऑक्टोबर 2023 पर्यंत उघडेनाशी झाली होती. शेजारी तू 'महत्त्वाचं' असा टॅग लावलास. तो टॅग काहीच सांगत नाही, कारण महत्त्वाचं वाटलं नसतं तर तू ते उतरवलंच नसतंस. मी त्याखाली साधारण असं लिहिलं असतं: 'हा आकडा फक्त 2013 मधल्या पानांचा. 2013 ते 2023 या सगळ्या काळातली पानं एकत्र धरली तर गेलेली पानं एक चतुर्थांश. म्हणजे पान जितकं जुनं तितका धोका जास्त. मी गेल्या महिन्यात वाचलेलं आज उघडतंय म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. मराठी पानांचं असं कोणी मोजलंय का? बघायला हवं.' यात फार विद्वत्ता नाही. पण आकडा कशाचा आहे ते नीट पाहिलं गेलं, त्यातून एक निष्कर्ष निघाला आणि एक प्रश्न उरला. तो प्रश्न तुझा आहे, अहवालाचा नाही. पुढे कधी तू या विषयावर लिहिशील तेव्हा त्या प्रश्नापासून लिहिशील.

टीप लांब हवी असं नाही. 'पटत नाही, कारण...' एवढंही चालेल. 'हे अमक्या लेखातल्या म्हणण्याच्या उलट आहे' असं लिहून तुझ्याच जुन्या नोंदीची लिंक दे. असे दुवे वाढत गेले की पानाला खरा जीव येतो. फक्त 'किती सुंदर!' लिहून सोडू नकोस. सुंदर वाटलं तर त्यातलं काय सुंदर वाटलं तिथवर जा, एखादा शब्द, एखादं वळण, काहीही.

आणि एक गोष्ट अगदी कसोशीनं पाळ. लेखकाचे शब्द कुठे संपतात आणि तुझे कुठे सुरू होतात, हे वाचणाऱ्याला क्षणात दिसलं पाहिजे. आपल्याकडे ही काळजी फार जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींमध्ये काळाच्या ओघात पाठ बिघडत गेले, तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 मध्ये, प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये अवतरणासाठी ब्लॉककोट ही खूण आहे, त्यात मूळ पानाचा पत्ता नोंदवायचीही सोय आहे. ते वापर, आणि तुझी टीप त्याच्या बाहेर ठेव. मधले शब्द गाळलेस तर तीन टिंबं दे. इंग्रजीतून तू स्वतः मराठी केलं असशील तर 'भाषांतर माझं' असं लिही आणि मूळ वाक्य फाइलीत राहू दे.

आता फाइलीत काय काय ठेवायचं ते. लेखाचं नाव, लेखकाचं नाव, पत्ता, लेख प्रसिद्ध झाल्याची तारीख आणि तू वाचल्याची तारीख. या दोन तारखा वेगळ्या असतात आणि दोन्ही लागतात. क्रोममध्ये मजकूर निवडून उजवी क्लिक केली की थेट त्या ओळीची लिंक मिळते; ती उघडली की पान त्याच ओळीपाशी जातं आणि ओळ रंगलेली दिसते. ही सोय मला फार आवडते. पण मूळ लेखात कोणी दोन शब्द बदलले की ती खूण हरवते. म्हणून अवतरणाच्या अगदी आधीचे चार-पाच शब्द आणि नंतरचे चार-पाच शब्दही फाइलीत टिपून ठेव, पानावर दाखवले नाहीस तरी चालेल. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं 2017 मध्ये वेबवरच्या टिपणांसाठी जे मानक ठरवलं त्यातही हीच युक्ती आहे: नेमके शब्द, त्यांच्या आधीचे शब्द, नंतरचे शब्द. लेखात वर-खाली फेरफार झाले तरी तेवढ्यावरून ओळ पुन्हा सापडते. ज्या लेखावर तुझी टीप उभी आहे तो लेख त्याच दिवशी वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही जतन कर आणि तीही लिंक शेजारी दे. काही साइट्स तिथं जतन होऊ देत नाहीत. अशा वेळी स्वतःच्या संगणकावर एक प्रत ठेव.

ती प्रत साइटवर मात्र टाकू नकोस. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खाजगी वापर, संशोधन, टीका, परीक्षण यांना मोकळीक आहे, पण आख्खा लेख सगळ्यांसाठी चिकटवणं त्यात बसत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी लेखकाचा वाचक त्याच्याकडे गेला पाहिजे. तुझी नोंद वाचून कोणी मूळ लेख उघडला तर तुझं काम झालं.

मराठी वाचनाचे काही प्रश्न वेगळे आहेत आणि ते कोणत्याही परदेशी ॲपच्या मदतपानावर सापडणार नाहीत. ई-पेपर बहुतेक वेळा चित्र असतं, त्यातून ओळ उचलता येत नाही. ती हातानं टाइप कर. वेळ जातो, पण टाइप करताना वाक्य दुसऱ्यांदा वाचलं जातं, हा फायदाच आहे. पीडीएफमधून उचललेलं मराठी तर डोळ्यांत तेल घालून तपास: रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी एक अक्षर मागे-पुढे होते, जोडाक्षरं फुटतात. जुन्या साइट्सवरचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामाईक अक्षरपद्धतीत, नसेल तर चिकटवल्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसेल.

याहून फसवी गोष्ट शोधताना कळते. 'दुसऱ्या' किंवा 'तऱ्हा' यांतला अर्धा र एकाहून जास्त प्रकारे टाइप होतो. पडद्यावर सारखाच दिसतो, संगणकाला मात्र तो वेगळा शब्द वाटतो. 'ॲप'मधला ॲ ही तसाच: कुणी तो एकच अक्षर म्हणून टाइप करतं, कुणी अ वर चंद्र देऊन. तू तुझ्याच पानावर 'दुसऱ्या' शोधशील, काही नोंदी मिळतील, काही मिळणार नाहीत आणि त्या मिळाल्या नाहीत हे तुला कळणारही नाही. म्हणून एक पद्धत ठरव आणि नोंद साठवतानाच सगळं त्या पद्धतीत बदलून घे. तेवढा छोटा प्रोग्राम तू सहज लिहिशील. यात लेखकाचं शुद्धलेखन बदलत नाही, त्याला हात लावायचा नाही. फाइलींची नावं तारखेनं ठेव. मराठी शीर्षक पत्त्यात घातलं तर लिंक पाठवताना टक्के-चिन्हांची भलीमोठी माळ होते.

साधनांबद्दल एवढंच. साध्या मार्कडाउन फाइली, म्हणजे थोड्या चिन्हांनी मांडणी दाखवणारा साधा मजकूर, पुरेत. अशा फाइलींची साइट बनवून देणारे प्रोग्राम आहेत, ह्यूगो, जेकिल, इलेव्हन्टी, यांतलं जे तुला जमतं ते घे आणि त्यावर महिना घालवू नकोस. मात्र हायलाइट एका जागी जमवणाऱ्या रीडवाइजसारख्या सेवेतून सगळे हायलाइट आपोआप साइटवर ओतण्याची जी युक्ती तू विचारलीस, तिला माझा ठाम नकार आहे. हायलाइट तिथून संगणकावर येऊ देत, खुशाल. साइटवर जाण्याआधी प्रत्येक ओळ तुझ्या हातातून गेली पाहिजे. तिथंच ठरतं की ही ठेवायची का, आणि ठेवायची तर तिच्याबद्दल मला काय म्हणायचंय. हे काम यंत्राला दिलंस तर पान भरेल आणि तू त्यात कुठेच नसशील.

सगळं सगळ्यांना दाखवायचं नसतं हेही लक्षात असू दे. आजारपण, घरातले ताण, नोकरीतल्या अडचणी यांविषयी वाचताना ज्या ओळी आपल्याला धरतात त्या आपल्याबद्दल बरंच सांगून जातात. अशा नोंदी लिही, पण खाजगी फोल्डरमध्ये. कुणी खाजगीत पाठवलेलं काही, विचारल्याशिवाय कधीच वर टाकू नकोस.

टॅगांचा पसारा नको. त्याऐवजी तुला सध्या छळणारे चार-पाच प्रश्न पानाच्या वर लिही आणि नोंदी त्यांच्याखाली लाव. 'शिक्षण' या टॅगखाली काहीही जमा होतं. 'मुलं वाचायची का थांबतात?' याखाली जे येतं त्याला काहीतरी दिशा असते. प्रश्न बदलले की जुने तसेच राहू दे, तारीख घालून.

आणि मागे वळ. महिन्यातून एकदा जुनी एखादी नोंद काढ, अवतरण झाकून ठेव, फक्त तुझी टीप वाच आणि मूळ लेखात काय म्हटलं होतं ते आठवून सांगता येतं का बघ. मग अवतरण उघड. आता मत बदललं असेल तर जुनी टीप पुसू नकोस, खाली नवी लिही, आजच्या तारखेनं. एकाच अवतरणाखाली तीन वेगवेगळ्या वर्षांच्या तीन टिपा असलेली पानं मी पाहिली आहेत. वाचक म्हणून त्यांच्याइतकं मला दुसरं काही धरून ठेवत नाही.

तूर्त नवीन काही जमवू नकोस. आहे ते पान घेऊन बस. ज्या अवतरणाखाली काहीच लिहावंसं वाटत नाही ते साइटवरून काढ, फाइलीत राहिलं तर राहू दे. उरलेल्यांखाली लिहायला लाग, आणि प्यूच्या आकड्याखाली मी वर लिहिलेलं उतरवू नकोस, तुझं लिही. लिहिलंस की लिंक पाठव. मराठी पानांबद्दलचा तो प्रश्न माझ्याही डोक्यात आहे, त्यावर आपण बोलू.

तुझी,
ताई