चकाकी नंतर, आधी काठ

प्रश्न : माझे बाबा १९७० च्या सुमारास लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. साखर पेठेतल्या आमच्या जुन्या मागाच्या शेडमध्ये, माळ्यावर, त्यांचा सेट पोत्यात गुंडाळून तीसेक वर्षं पडून होता. बेस ड्रम, दोन टॉम आणि खालून तारा असलेला स्नेअर. बिल्ल्यावर ‘प्रीमियर’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ असं आहे. मोत्यासारखं पांढरं आवरण पिवळं पडलंय, नट-बोल्ट गंजलेत, दोन हेड, म्हणजे वाजवायचे पडदे, फाटलीत. ओळखीचा एक पेंटर म्हणतो, ‘आवरण सोलून ड्युको रंग मारून देतो, नवा दिसेल.’ बाबा म्हणतात, घरीच कर. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पेंटरला आजच नको म्हणून कळवा. ते आवरण बहुधा सेल्युलॉइडचं आहे. पिवळेपणा उजेडाचा आणि वयाचा असतो, घासून तो जात नाही. रिमच्या (हेड दाबून धरणाऱ्या कड्याच्या) किंवा लगच्या (ड्रमच्या अंगावर बसवलेल्या, बोल्ट ज्यात पिळतात त्या तुकड्याच्या) खाली झाकलेली जागा बघा, मूळ पांढरा तिथं अजून सापडेल. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, म्हणून त्याच्या आसपास हीट गन नको, ग्राइंडर नको. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं ते अॅसिटोन आणि थिनर यांनी ते विरघळतं. ओलसर सुती फडकं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच त्याला पुरे. कड सुटली असेल तर चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडू नका, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा. ती चुकली तर काढता येते. चाळीस वर्षं मी या शहरात ड्रम वाजवतोय आणि दुरुस्त करतोय. जे परत फिरवता येत नाही ते काम मी सगळ्यात शेवटी घेतो.

खोलण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक ड्रमचे बोल्ट, वायसर, लग वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर नाव लिहा. मागाच्या शेडमधल्या सेटमध्ये सुताची रुई शिरलेली असते. ती ओल धरून ठेवते आणि तिच्याखालचं लोखंड गंजतं. कोरड्या ब्रशनं ती आधी झाडा. अडलेल्या बोल्टवर मशीन ऑइलचे दोन थेंब टाकून रात्रभर थांबा, पण तेल लाकडात मुरू देऊ नका. क्रोमवरचा गंज अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हळू घासला की बराच निघतो. लग मात्र अॅसिडमध्ये बुडवू नका. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, अॅसिड त्यांना खातं. लगच्या पोटात बारीक स्प्रिंग असतात, ड्रम वाजवताना जी खरखर येते ती बऱ्याचदा त्यांचीच. आत कापसाची बारीक वळी बसवली की आवाज थांबतो. एखादा बोल्ट गेलाच असेल तर दुसऱ्या सेटचा आणून जोरानं पिळू नका. अमेरिकन ड्रमचे आटे वेगळे, इंग्लिश वेगळे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत. जुना बोल्ट आणि त्याचा नट नमुन्याला न्या.

आता ज्यासाठी मी इतकं लिहितोय ते. ड्रमचा आवाज काठात असतो, शेलच्या, म्हणजे ड्रमच्या लाकडी खोडाच्या, ज्या धारेवर हेड टेकतं त्या काठात. तबल्याचं खोड चांगलं पण तोंड वाकडं, तर पुडी कितीही भारी चढवा, सूर लागेल का? तसंच हे. काचेच्या दुकानातून दहा मिलिमीटर जाडीचा, शेलपेक्षा थोडा मोठा काचेचा तुकडा आणा. खोलीत अंधार करा. काच टेबलावर ठेवा, तिच्यावर शेल पालथा ठेवा, आत टॉर्च लावा आणि डोळे काठाच्या रेषेत आणून गोल फिरा. जिथून उजेड फुटतो तिथं काठ खाली गेलाय. कागदाच्या जाडीएवढी फट चालते. त्याहून थोडी जास्त असेल तर काचेवर दीडशे नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून शेल हलक्या हातानं चार-पाच वेळा गोल फिरवा आणि पुन्हा उजेड बघा. धार चपटी झाली तर ठोकळ्यावर पेपर गुंडाळून धारेचा उतार पुन्हा काढा. मग काठावरून साधी मेणबत्ती फिरवा, हेड त्यावर नीट सरकतं. प्लायचे थर सुटले असतील तर इंजेक्शनच्या सिरिंजनं फेव्हिकॉल आत सोडा, दोन पट्ट्यांमध्ये दाबून एक दिवस ठेवा. मे महिन्यात शेल गच्चीवर वाळत घालू नका, आपल्याकडच्या उन्हात थर आणखी उघडतील.

स्नेअरचा खालचा काठ मात्र अजिबात घासायचा नाही. तिथं समोरासमोर दोन जागी उजेड फुटेल आणि तुम्हाला वाटेल, लाकूड झिजलंय. ती झीज नव्हे. हेडखालून जाणाऱ्या तारांना बसायला कारखान्यातच केलेली खोलगट जागा आहे ती, जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल. मी बावीस वर्षांचा असताना माझ्या उस्तादांचा स्नेअर दुरुस्तीला घेतला होता. उजेड दिसला, मी तो काठ घासून सपाट केला आणि काम चोख झालं या समाधानात परत नेऊन दिला. तारा मध्ये दबल्या आणि दोन्ही टोकांना मोकळ्या राहिल्या. हलकी थाप मारली की आवाजच उठेना, जोरात मारली की नुसती खरखर. नंतर सुताराकडून खाच पुन्हा काढून घेतली, पण तो ड्रम पहिल्यासारखा बोलला नाही. उस्ताद मला रागावले नाहीत. त्यांनी तो स्नेअर पुन्हा स्टेजवर आणला नाही, एवढंच. त्या दिवसापासून कुणीही स्नेअर घेऊन आलं की मी आधी तो पालथा करून त्याला ती जागा दाखवतो.

हेड मागवण्याआधी आणखी एक. प्रीमियर ही लंडनची १९२२ सालची कंपनी. साठच्या दशकाच्या जवळपास अखेरीपर्यंत तिच्या काही ड्रमचा व्यास आजच्या ठरलेल्या मापांपेक्षा किंचित मोठा असे, त्यामुळे बाजारातलं हेड त्यांच्यावर बसत नाही. शिंप्याची टेप आवरणासकट शेलभोवती गुंडाळा. चौदा इंची हेडसाठी घेर १११७ मिलिमीटरपेक्षा थोडा कमी भरायला हवा. जास्त भरला तर जुन्या मापाचं हेड शोधावं लागेल. शेल छिलून बारीक करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्नेअरच्या खालच्या बाजूचं हेड वेगळं, खूप पातळ असतं. दुकानात ‘स्नेअर साइड’ असं सांगूनच मागा, वरचं हेड खाली लावलं तर तारा नीट बोलत नाहीत.

हेड चढवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी घट्ट करा, मग चावीनं समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा. तबलजी घराघराला हातोडी देत सूर बघतो, तसं प्रत्येक बोल्टजवळ वाजवायची काडी टेकवून ऐका. इथं बाबांना शेजारी बसवा. काडी तुम्ही मारा आणि ‘वर की खाली’ ते त्यांना सांगू द्या. हा सेट कसा वाजायचा हे घरात फक्त त्यांच्या कानाला माहीत आहे. बेस ड्रम फार घुमला तर आत घडी घातलेली सोलापुरी चादर ठेवा, दोन्ही हेडना जेमतेम शिवेल अशी. मी वर्षानुवर्षं हेच करतोय, गड्ड्याच्या यात्रेतल्या कार्यक्रमांतही हेच केलं.

प्रश्न : जुन्या सिंबल, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजा, काळ्या पडल्यात. चिंच किंवा पितांबरीनं घासल्या तर चालेल का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : चांगली सिंबल साधारण ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग कथील, म्हणजे आपलं कासंच. तुमच्या गावात टाळ कशाचे असतात ते तुम्हाला सांगायला नको. घासलीत तर छापलेलं नाव आधी जाईल, आणि तो काळसर थर काढल्यावर माझ्या कानाला आवाज जरा बोचरा लागतो. कोमट पाणी, साबण, मऊ फडकं, आणि सिंबलवरच्या गोल रेघांच्या दिशेनं पुसा. कासं वाकत नाही, तडकतं, म्हणून सिंबल फरशीवर आपटू देऊ नका. काठाला तडा दिसला तर त्याच्या टोकाच्या किंचित पुढे बारीक भोक पाडून घ्या. तडा तिथं थांबतो, आणि सिंबल आणखी काही वर्षं वाजते.